शून्य कुठलं तुझं?

बाई बसत नसत. विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नावाची पाटी होती, टेबल होतं, भिंतीवर घरघरणारा पंखा होता, पण खुर्ची नव्हती. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा येरझारा घालत. समोरच्याला स्टूल मिळायचं आणि त्या बिचाऱ्याला बाई ज्या टोकाला असतील तिकडे मान वळवत उत्तरं द्यावी लागायची. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "आपण ज्या वायूच्या मागे लागलोय ना, तो हवेपेक्षा जड. तळाशी साठतो. बसणारा आधी मरतो." आणि हसल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या, सगळ्या खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत हे उत्तर मला भलतंच वाटलं होतं, पण मी नवीन होते.

मी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीची माणूस. आमची कंपनी पंपांची कंट्रोल पॅनेल बनवते. मालकांना सगळे शेठ म्हणतात. पूर्वी त्यांच्या घरची भातशेती होती, जमिनी वसाहतीत गेल्या, उरलेल्या तुकड्यावर वडिलांनी शेड टाकली आणि मुलानं ती वाढवली. गेल्या वर्षी आमच्याच सांडपाण्याच्या टाकीत सफाईला उतरलेला एक माणूस बेशुद्ध पडला. मुकादम दत्तानं दोरीनं ओढून काढला म्हणून तो वाचला. शेठनं त्या दिवशी जेवण केलं नाही असं म्हणतात. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की ठाण्याला विद्यापीठात एक बाई आहेत, त्या वायू ओळखणाऱ्या चिप बनवतात. झालं. करार झाला, फोटो झाले, आणि दोन्हीकडे ये-जा करायला मला जुंपलं.

काम ऐकायला सोपं होतं. नखाएवढा चिनी मातीचा तुकडा, त्यावर कथलाच्या ऑक्साइडचा पातळ थर, खाली तो तापवणारी तार. हा थर म्हणजे सेमीकंडक्टर. घाण वायू त्याला लागला की त्यातून जाणारी वीज बदलते. त्या बदलावरून आमच्या सर्किटनं ओळखायचं की हवेत थोडं काही आहे, मग पिवळा दिवा. जिवावर बेतणारं आहे, मग लाल दिवा आणि शिट्टी. थर बाईंचा, सर्किट आणि डबी आमची. टाकीत उतरणाऱ्यानं ती डबी छातीला लावायची. बाईंनी सही केल्याशिवाय एकही डबी कुणाच्या छातीला लागणार नाही, एवढं करारात स्पष्ट होतं.

आणि ह्या बाईंना वास येत नव्हता! लहानपणी तापात गेला तो परत आलाच नाही. हे त्यांनी पहिल्याच भेटीत, मी नाव सांगायच्या आधी सांगून टाकलं. मी काय बोलावं ह्या विचारात असताना त्याच म्हणाल्या, "मला येत नाही. तुला येतो, पण तुझं लक्ष नसतं. म्हणजे आपण दोघी सारख्याच."

त्यामुळे त्या दिवसभर लोकांना विचारत असत, "वास येतोय का?" रिक्षावाल्याला, लिफ्टमधल्या शेजाऱ्याला, लग्नात पंगतीला वाढणाऱ्याला. पंगतीतल्यांना वाटे बाई वरण उतरलंय का ते विचारतायत. "नाही" म्हटलं की त्यांचं समाधान होत नसे. त्या त्या माणसाकडे बघत राहायच्या आणि मग पिशवीतून स्टीलचा डबा काढायच्या. पोरं शाळेत पोळी-भाजी नेतात तसला डबा, झाकणाला भोकं पाडलेली, आत त्यांच्या चिप. तो घेऊन बाई कळव्याच्या खाडीवर गेलेल्या, शहाडला नदीकाठी गेलेल्या, सुक्या मासळीच्या बाजारात गेलेल्या. "प्रयोगशाळेतल्या हवेत कोण मरतं गं?" हे त्यांचं म्हणणं. नवरात्रात टेंभी नाक्याला दर्शनाच्या रांगेत धूप भरून राहिला होता, बाईंनी डबा काढला आणि तो पिपाणीसारखा वाजायला लागला. बंदोबस्तावरचा हवालदार धावत आला. "मॅडम, काय आहे हे? उघडा आधी."

"नाक आहे साहेब," बाई म्हणाल्या. "माझं."

हवालदारानं डब्यात बघितलं, बाईंकडे बघितलं आणि त्यांना रांगेबाहेर काढून थेट देवीसमोर उभं केलं. लवकर जावं एवढीच त्याची इच्छा असावी. बाईंच्या घरी बुद्धवंदना होते, देवीच्या दर्शनाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्या फक्त धुपासाठी गेल्या होत्या.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे शून्य. असली डबी चालू करून शून्याचं बटण दाबलं की ती दर वेळी नव्यानं भोवतालची हवा चाखते आणि ठरवते, हे शून्य. ह्याच्या वर जे दिसेल ते वाईट. बाईंनी ही गोष्ट माणसांनाही लावली होती. पुण्याहून आलेला एक विद्यार्थी म्हणाला, इकडे फार उकडतं, बाई म्हणाल्या, "शून्य कुठलं तुझं? पुण्याचं ना? मग उकडणारच." मी म्हटलं, आज फार उशीर नाही झाला, की लगेच "शून्य कुठलं तुझं?" हे ऐकून ऐकून डोकं फिरायचं. एकदा कँटीनमधला चहावाला म्हणाला, साखर बरोबर आहे. त्याचीही सुटका झाली नाही.

एकदा त्यांनी मला कळव्याच्या घरी जेवायला बोलावलं. चौथा मजला, एकट्या राहायच्या, गॅसचा सिलिंडर गॅलरीत, आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या खाली त्यांची चिप लुकलुकत होती. घरात खुर्च्या होत्या, पण पाहुण्यांसाठी. मला बसवून त्यांनी उभ्यानं वाढलं. भरली वांगी होती आणि तळाशी ती चांगलीच करपलेली होती. बाईंनी विचारलं, "करपलंय का?" आता कुणाच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेल्यावर आपण काय म्हणतो? मी म्हटलं, "नाही हो बाई, मस्त झालंय."

त्यांनी हातातला डाव भांड्यात ठेवला. "हे बघ, खोटं बोलू नकोस. माझं सगळं घर तुमच्या सांगण्यावर चालतं." आवाज चढवला नव्हता, पण माझा घास तोंडातच राहिला. मग मी म्हटलं, करपलंय, तेव्हा बाई एकदम खूश झाल्या आणि त्यांनी मला दहीभात कालवून दिला.

हे सगळं ठीक होतं, पण आमची डबी काही ठीक चालत नव्हती. बाईंच्या प्रयोगशाळेत तपासणीच्या पेटीत वायू सोडला की लाल दिवा वेळेवर लागायचा. तीच डबी, तोच वायू, डोंबिवलीला आमच्या पेटीत सोडला की लाल दिवा उशिरा. कधी इतका उशिरा की आत माणूस असता तर काय, हा विचार मी करायचं टाळत असे. बाई म्हणायच्या, तुमच्या सर्किटमध्ये गोची आहे. शेठ म्हणायचे, "त्या बाईची चिपच मंद हाय, मना पयल्यापासून वाटतंय." विद्यार्थी म्हणायचे कंपनीवाल्यांना घाईच असते, कंपनीतले म्हणायचे ह्यांना पगार मिळतो, ह्यांना काय. दोन्हीकडचे टोमणे माझ्या पर्समधून इकडून तिकडे जायचे. मी सर्किट बदललं, पेटी बदलली, तार बदलली. रात्री डोळा लागायचा नाही, सकाळी उठून पुन्हा तेच. बाई तर येरझारांनी फरशी झिजवायच्या बेतात होत्या.

मग एक दिवस माझ्याकडून एक डबी बंद करायची राहिली. सकाळी कंपनीच्या अंगणात नेहमीसारखी चालू केली, शून्याचं बटण दाबलं आणि तशीच पिशवीत टाकून ठाण्याला घेऊन आले. बाईंच्या टेबलावर काढून ठेवली, तर पडद्यावर शून्याच्या खाली आकडा. उणे! मी म्हटलं, "गेली ही पण. हवा शून्यापेक्षा कमी कशी असेल?"

बाई चालता चालता थांबल्या. त्यांना थांबलेलं मी क्वचितच बघितलं असेल.

"शून्य कुठलं हिचं?"

"आमच्या अंगणातलं. तिकडे तपासायच्या सगळ्या डब्यांचं तिथलंच असतं. रोज सकाळी बाहेर मोकळ्या हवेत..."

"मोकळ्या हवेत," बाई म्हणाल्या. "अगं, तुमचं शून्यच घाण आहे."

इतकं सोपं होतं ते. आम्ही डबीला रोज सकाळी अंगणात नेऊन शिकवत होतो की डोंबिवलीच्या वसाहतीतली हवा म्हणजे स्वच्छ हवा. ती शहाणी मुलगी शिकत होती. मग टाकीतल्या वायूची तिला दहशत वाटायची कशी? आणि आमच्यापैकी कुणाला हे सुचलं नाही, कारण आमच्यापैकी कुणालाच अंगणात काही वेगळं जाणवत नव्हतं. मी जन्मापासून डोंबिवलीची. बाहेरगावचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात तेव्हा मला त्यांचा राग येतो.

आता हे शेठना पटवायचं होतं. मी म्हटलं, शुद्ध हवेचा सिलिंडर घेऊन जाऊ. बाई म्हणाल्या, नको, सिलिंडर नेला तर म्हणतील ही विकतची हवा, खरी नव्हे. त्या सकाळी येऊरच्या डोंगरात गेल्या आणि उशीएवढ्या पारदर्शक पिशव्या छोट्या पंपानं फुगवून, रिक्षात घालून आमच्या गेटवर उतरल्या. रिक्षात त्या बसल्या होत्या की नाही हे मला माहीत नाही. वॉचमननं विचारलं, "ह्यात काय आहे?"

"हवा. येऊरची."

"इथली कमी पडली का, मॅडम?"

"कमी नाही रे बाबा, जास्त आहे."

अंगणात शेठ, दत्ता, मी आणि चार-पाच कामगार. बाईंनी डबी पिशवीत घातली, आतल्या हवेत चालू केली, शून्य घेतलं, पिशवीचं तोंड उघडून डबी बाहेर काढली. टाकी लांब होती, वायूची बाटली आणलेलीच नव्हती. डबीचा पिवळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. कुणीतरी हसलं. बाईंनी एकेकाला विचारलं, "वास येतोय का?" नाही. नाही. नाही बुवा. मला विचारलं, मी जोरात श्वास घेतला, अगदी प्रामाणिकपणे घेतला, आणि म्हटलं, "नाही."

शेठ आम्हाला आत घेऊन गेले. माणूस वाईट नाही तो, पण धंदेवाला आहे. म्हणाले, "बाई, मी ही डबी इकनार कोनाला? बाजूवाल्याला. त्याच्या गेटवर पिवला दिवा लागला तर तो डबी घेल का मना शिव्या दील? ते बटन ऱ्हाऊ द्या. सकाली दाबलं की गप ऱ्हाते. लाल दिवा लागतोय ना? लागतोय. जरा उशिरा लागतोय, एवढाच."

"एवढंच," बाई म्हणाल्या.

त्यांच्यासमोर खुर्ची होती. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि बाहेर बघत बोलायला लागल्या. मला वाटलं, आता वायूवर व्याख्यान.

"कल्याणला आमच्या चाळीच्या संडासाची टाकी तुंबली होती. उपसायची गाडी येत नव्हती, म्हणून पोरांनीच झाकण काढलं. माझा दादा उतरला. मी वर, दोरी धरून. त्याला सर्दी होती. अर्ध्यावर थांबून त्यानं वर बघून विचारलं, वास येतोय का गं? मी म्हटलं, नाही. मला येतच नव्हता. मी म्हणायला हवं होतं, माहीत नाही. मी म्हटलं, नाही. तो खाली पोचला आणि बसला. पडला नाही शेठ, नुसता बसला, दमल्यावर बसतात तसा. आम्ही वरून हाका मारत होतो, ऊठ, ऊठ. तुमची डबी पण 'नाही' म्हणते. तिला माहीत नाही, आणि ती नाही म्हणते. ह्याच्यावर मी सही करायची?"

मला त्यांच्या जवळ जाऊन उभं राहावंसं वाटलं, आणि मी गेले. शेठनं बराच वेळ टेबलावरची काच पुसली. मग म्हणाले, "ती एक डबी द्या मना. येऊरवाली."

चार-सहा दिवसांनी त्यांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. डोळे सुजलेले. त्यांचं घर वसाहतीच्या भिंतीला लागून आहे, मोठा बंगला, नातवंडांनी भरलेला. "ओटीवर पिवला," ते बोटांवर मोजत म्हणाले, "देवघरात पिवला. नातवाच्या पालन्याशी नेली, तिथं पन पिवला. बाई, तुमी माझी झोप घालवली. हिला म्हटलं वास येतो का, तर ही म्हनते, कसला?" मग माझ्याकडे वळून जवळजवळ ओरडले, "काढून टाक ते बटन! इकली नाय तरी चालेल."

मी बटण काढलं. आता प्रत्येक डबीचं शून्य बाईंच्या प्रयोगशाळेत घेतलं जातं आणि आत कायमचं बंद होतं. डोंबिवलीत कुणाला ते बदलता येत नाही. बाजूवाल्यांपैकी काहींनी डब्या घेतल्या, काहींनी शेठशी बोलणं टाकलं. मी स्वतः अजून एकही डबी घरी नेलेली नाही. आई गॅलरीत तुळशीला पाणी घालत असते, तिथे तो दिवा लागलेला मला बघायचा नाही. बाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "बरं." बाईंचं 'बरं' फार लागतं.

सही करताना त्यांनी एकच अट घातली होती. टाकीच्या तोंडाशी, आमच्या डोळ्यांसमोर, दोन्ही डब्या. पहिल्या सफाईच्या दिवशी बाई ठाण्याहून आल्या. दत्ताच्या छातीला दोन डब्या लावल्या: डावीकडे जुनी, त्याच सकाळी अंगणात शून्य घेतलेली, उजवीकडे नवी. कमरेला दोरी, दोरी धरायला दोन माणसं, आणि बाईंनीही तिचं टोक हातात घेतलं. दत्ताच्या बायकोनं सकाळी त्याला विचारलं होतं की आज उतरायलाच हवं का, हे त्यानं मला चालता चालता सांगितलं. गमतीत सांगितलं, पण सांगितलं.

झाकण सरकवलं. दत्तानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि खाली वाकला. उजवीकडची डबी लगेच शिट्टी वाजवायला लागली, लाल. डावीकडची गप्प, तिच्यावर साधा पिवळाही नाही. दत्ता तसाच वाकलेला, एकदा ह्या डबीकडे बघतोय, एकदा त्या.

"दत्ता, वर ये!" बाई ओरडल्या.

तो वर आला. दोरी ओढायची वेळच आली नाही, त्याच्याच पायांनी आला आणि चार पावलं मागे जाऊन उभा राहिला. शिट्टी हळूहळू थांबली. "पण बाई," तो म्हणाला, "वास तर कायच नाय येत."

"नाहीच येत रे," बाई म्हणाल्या. "नाहीच येत."

हातातली दोरी त्यांनी सोडली नव्हती. टाकीपासून लांब, भिंतीच्या कडेला कुणाची तरी बादली पालथी पडली होती. बाई तिथे गेल्या आणि त्या बादलीवर बसल्या. दत्ता त्यांच्यासमोर उभा, घाम पुसत, आणि त्या मान वर करून त्याच्याकडे बघत होत्या. मला काय करावं सुचेना, म्हणून मी चहा सांगायला गेले. परत आले तेव्हाही बाई बसलेल्याच होत्या.